टाचेच्या चिठ्ठीपासून डेक्साच्या अहवालापर्यंत

प्रश्न: वय ६१, मुक्काम इंदूर, सुदामा नगर. आमच्या कॉलनीतल्या मोफत शिबिरात एका यंत्रात टाच ठेवून हाडांची तपासणी केली आणि चिठ्ठीवर ‘उणे २.९, ऑस्टिओपोरोसिस’ (हाडे ठिसूळ होण्याचा आजार) असे लिहून दिले. फॅमिली डॉक्टरांनी ती चिठ्ठी बाजूला ठेवून डेक्सा करून आणायला सांगितले आहे. ४३व्या वर्षी माझी गर्भपिशवी दोन्ही अंडाशयांसह काढली. माझी आई ७४व्या वर्षी न्हाणीघरात पडली, खुब्याचे हाड मोडले आणि ती पुन्हा उभी राहिली नाही. मला थायरॉइडची गोळी आणि मधुमेहाचे औषध चालू आहे, तीन वर्षांपूर्वी उजवा गुडघा बदलला आहे. एमआरआयच्या बोगद्यात जीव घाबरा झाल्यामुळे ती तपासणी अर्धवट सोडावी लागली होती. ही तपासणीही तशीच असते का? किरणांचा धोका किती? उपाशी राहावे लागते का? अहवाल कसा समजून घ्यावा? तपासणी केंद्र दोघींना मिळून सवलत देते आहे, तर ३४ वर्षांच्या सुनेचीही करून घेऊ का? तिचे बाळ आठ महिन्यांचे आहे.

उत्तर: बोगद्याची धास्ती आधी मनातून काढून टाका. डेक्साचे, म्हणजे क्ष-किरणांनी हाडांची घनता मोजण्याचे यंत्र म्हणजे गादी घातलेले एक लांब, सपाट टेबल आणि तुमच्या अंगापासून हात-दीड हात उंचीवर एका बाजूने पुढे आलेला एक रुंद दांडा, एवढेच. चेहरा आणि दोन्ही बाजू पूर्ण मोकळ्या राहतात, वर छताचा पंखा दिसत राहतो, तंत्रज्ञ बहुधा त्याच खोलीत संगणकापाशी बसलेला असतो आणि त्याच्याशी बोलता येते. एमआरआयसारखे ठोकल्याचे आवाज नसतात; दांडा सरकताना मोटरची हलकी घरघर तेवढी ऐकू येते. सुई नाही, औषध पाजणे नाही, भूल नाही, दाखल होणे नाही. मी २५हून अधिक वर्षे इंदूरमध्ये क्ष-किरण तपासण्यांचे अहवाल वाचते आहे, आणि एमआरआय सोडून पळून आलेल्या बायकांना या टेबलावर चक्क डुलकी लागलेली मी पाहिली आहे.

तपासणी इतकी सोपी असल्यामुळेच ती पुष्कळदा सैलपणे केली जाते, ही मात्र माझी जुनी तक्रार आहे. पाय थोडा वाकडा राहिला, साडीची पिन कमरेपाशी तशीच राहिली किंवा झिजलेला मणका मोजणीतून वगळायचा राहून गेला, तर रुग्णाला काही जाणवत नाही, यंत्रही तक्रार करत नाही. फक्त कागदावरचा आकडा बदलतो आणि त्या आकड्यावर पुढे काही वर्षांचे औषध ठरते. म्हणून टेबलावर काय होईल एवढेच न सांगता ते तसे का करायचे असते हेही सांगते, म्हणजे तपासणीच्या वेळी तुमचे स्वतःचेही लक्ष राहील.

प्रथम शिबिरातल्या चिठ्ठीविषयी. टाचेच्या यंत्रात क्ष-किरण नसतात. टाचेच्या हाडातून ध्वनिलहरी पाठवून त्या किती वेगाने जातात आणि किती क्षीण होतात हे मोजले जाते. त्यावरून हाड मोडण्याच्या धोक्याचा थोडा अंदाज येतो, हे खरे आहे. परंतु ‘उणे २.५ किंवा त्याखाली म्हणजे ऑस्टिओपोरोसिस’ ही जी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ मध्ये ठरवली, ती क्ष-किरणांनी मोजलेल्या घनतेसाठी आहे आणि आज ती कणा, खुबा व मनगटाजवळचे हाड यांच्या डेक्सा मोजणीलाच लावली जाते. टाचेच्या ध्वनिलहरींच्या आकड्यालाही ‘टी-स्कोअर’ (निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीशी तुलना करणारा आकडा) हेच नाव दिलेले असल्याने दोन्ही एकच वाटतात, आणि सारा घोटाळा तिथे होतो. त्या आकड्यावरून रोगाचे निदान करता येत नाही, आणि औषधाने गुण येतो आहे की नाही हेही तपासता येत नाही. त्यातून, ज्या मांडवात टाच मोजली जाते त्याच मांडवात शेजारच्या टेबलावर कॅल्शियमच्या डब्या विकायला मांडलेल्या असतील, तर त्या आकड्याकडे जरा जास्तच संशयाने पाहावे असे माझे मत आहे.

तरीही डेक्सा करून घ्या, आणि ती टाचेसाठी नव्हे तर तुमच्या इतिहासासाठी करून घ्या. अंडाशय काढले की इस्ट्रोजेन एका दिवसात थांबते आणि हाडांची झीज वेगाने सुरू होते. आपल्याकडे नैसर्गिक पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी जाते, तुमची त्याआधीच गेली, म्हणजे १८ वर्षे तुमची हाडे त्या आधाराशिवाय आहेत. आईचा खुबा मोडलेला असणे हाही स्वतंत्र धोका मानला जातो. शिबिरात चिठ्ठी ‘सर्व ठीक’ अशी मिळाली असती, तरीही मी तुम्हाला डेक्साच सांगितली असती.

आता यंत्र काय मोजते ते पाहू. किराणा दुकानदार डब्यासकट तेल तोलतो आणि रिकाम्या डब्याचे वजन वजा करतो, तसाच काहीसा हा हिशेब आहे. हाडाभोवती मांस, चरबी, आतडी असतात, आणि एकाच शक्तीचे किरण पाठवले तर अडलेल्या किरणांपैकी किती हाडाने अडवले आणि किती मांसाने, हे कळत नाही. म्हणून डेक्सामध्ये कमी-जास्त अशा दोन ऊर्जांचे किरण पाठवतात. हाड आणि मऊ भाग या दोन्ही किरणांना वेगवेगळ्या प्रमाणात अडवतात, त्यामुळे दोन मोजण्यांमधून मऊ भागाचा वाटा वजा करता येतो आणि हाडातल्या खनिजाचे प्रमाण हाती येते. ते खनिज हाडाच्या जेवढ्या चित्रक्षेत्रात पसरलेले आहे त्याने भागले की दर चौरस सेंटीमीटरला इतके ग्रॅम असा आकडा मिळतो. ही ‘घनता’ घनफळावरची नसून सपाट चित्रावरची आहे, हे ध्यानात ठेवा. पुढे त्याचे काम पडेल.

किरणांची मात्रा फार थोडी असते. कणा आणि खुबा दोन्ही मिळून साधारण १ ते १० मायक्रोसीव्हर्ट इतकी ती भरते (सीव्हर्ट हे किरणांच्या मात्रेचे माप; हजार मायक्रोसीव्हर्ट म्हणजे एक मिलिसीव्हर्ट). माती, दगड, आकाश आणि अन्न यांतून आपल्या सर्वांना जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिलिसीव्हर्ट किरणोत्सर्ग मिळत असतो, म्हणजे दिवसाला साडेसहा मायक्रोसीव्हर्टच्या आसपास. घरी बसून एका दिवसात जेवढी मात्रा मिळते तेवढीच या टेबलावर मिळते, असे म्हटले तरी चालेल. पोटाच्या एका सीटी स्कॅनमध्ये याच्या सुमारे हजारपट मात्रा असते. तंत्रज्ञ काचेआड न जाता खोलीतच बसतो, तो याच कारणाने. अर्थात क्ष-किरण ते क्ष-किरणच. म्हणून दिवस राहिलेले असतील किंवा तशी शंका असेल तर ही तपासणी करत नाहीत.

उपाशी राहण्याची गरज नाही. पोहे-जिलेबीचा नाश्ता करून आलात तरी यंत्राची हरकत नाही. तुमच्या मधुमेहाची असेल, तो भाग निराळा. थायरॉइड, साखर आणि रक्तदाबाच्या गोळ्या नेहमीच्या वेळी घ्या. कॅल्शियमची गोळी मात्र तपासणीच्या आधी २४ तास बंद ठेवा, कारण न विरघळलेली गोळी आतड्यात नेमकी मणक्यासमोर येऊन बसली तर ती हाडाच्या हिशेबात धरली जाते. गेल्या पंधरवड्यात बेरियम पिऊन केलेली तपासणी, रंगद्रव्याचे इंजेक्शन देऊन केलेला सीटी स्कॅन किंवा किरणोत्सर्गी औषधाची तपासणी झाली असेल, तर फोनवरच तसे सांगा. एक-दोन आठवडे थांबायला सांगतील आणि ते योग्यच आहे.

कपड्यांविषयी थोडे सविस्तर सांगायला हवे. मोजणी कमरेची आणि खुब्याची असते, म्हणून त्या पट्ट्यात धातू नको. साडीच्या निऱ्यांना लावलेली पिन, ब्लाउजचे खालचे हूक, सलवारीची किंवा पँटची चेन, कमरेचा चांदीचा करगोटा, कनवटीला ठेवलेल्या किल्ल्या, खिशातला मोबाइल हे सगळे अडथळे आहेत. जरही धातूची असू शकते, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही. माहेश्वरी साडीचा जरीकाठ कमरेपाशी दुमडून आला की चित्रात पांढऱ्या रेघा उमटतात. सुती, नाडीची सलवार आणि साधा कुर्ता हा या दिवशीचा उत्तम पोशाख. काही केंद्रांत गाऊन देतात. जोडवी आणि पैंजण काढण्याचा खटाटोप करू नका, ती मोजणीच्या बाहेर राहतात. मंगळसूत्र छातीवर असते, परंतु लांब असेल आणि आडवे पडल्यावर पोटावर येत असेल तर बाजूला सारावे लागते. तुमच्या बदललेल्या गुडघ्याने मोजणीला बाधा येत नाही. पूर्वी पित्ताशय काढून क्लिपा लावलेल्या असतील, पाठीत स्क्रू असतील किंवा खुबा बदललेला असेल, तर ते तंत्रज्ञाला आधी सांगायचे.

आत गेल्यावर प्रथम उंची आणि वजन घेतात. उंची सांगू नका, त्यांना मोजू द्या. तरुणपणच्या उंचीपेक्षा आजची ४ सेंटीमीटरने किंवा त्याहून जास्त घटलेली भरली, तर मणके आपोआप दबून मोडल्याची शंका घेतात. असे मोडणे अनेकदा न दुखताच होते आणि बाई ‘वयामुळे पाठीत वाकले’ असे म्हणत राहते. तरुणपणची उंची आठवत नसेल तर लग्नाच्या वेळी पत्रिकेबरोबर पाठवलेल्या टिपणात ती असते, आणि तीत बोटभर भर घातलेली असते हे धरूनही अंदाज येतो. उंची अशी घटलेली असेल, तर त्याच टेबलावर कण्याचे बाजूने चित्र घेऊन मणक्यांचे आकार तपासता येतात. ते घ्यायला सांगा. लिहून दिल्याशिवाय ते सहसा घेत नाहीत.

टेबलावर चढताना गुडघ्यामुळे त्रास होणार असेल तर पायरीचे स्टूल आणि हाताचा आधार मागा. प्रथम कण्याची मोजणी होते. उताणे निजवून पोटऱ्यांखाली एक मोठा चौकोनी ठोकळा देतात, म्हणजे गुडघे आणि खुबे दुमडले जाऊन कमरेचा नैसर्गिक बाक टेबलाला टेकतो आणि मणक्यांमधली अंतरे सुटी दिसतात. कमरेच्या पाच मणक्यांपैकी पहिले चार मोजतात. त्यानंतर ठोकळा काढून एका पायाचे पाऊल आतल्या बाजूला वळवून पट्ट्याने बांधतात. हे थोडे अवघडल्यासारखे वाटते, पण दुखत नाही, आणि त्यामागचे कारण महत्त्वाचे आहे. मांडीच्या हाडाची मान शरीरात किंचित पुढच्या बाजूला कललेली असते. पाऊल १५ ते २५ अंश आत वळवले की ती टेबलाला समांतर होते आणि पूर्ण लांबीची दिसते. पाऊल सैल सोडले तर मान आखूड दिसते आणि घनता चुकते. पट्टा बांधायचा विसरला असेल तर ‘पाय आत वळवायचा होता ना?’ असे निःसंकोच विचारा. तुमच्या बाबतीत बदललेल्या गुडघ्याच्या पायावर पट्टा बांधताना जोर पडू नये म्हणून डाव्या बाजूचा खुबा मोजावा असे मी सुचवेन. पुढच्या वेळीही तोच मोजायचा, हेही लक्षात असू द्या.

प्रत्येक मोजणी एक-दोन मिनिटांत संपते. श्वास रोखून धरायला लागत नाही, फक्त हलायचे नाही. कपडे, वजन, निजणे-उठणे धरून १५-२० मिनिटांत तुम्ही बाहेर येता आणि स्वतःच्या पायांनी घरी जाता. कणा किंवा खुबा मोजता येत नसेल, तसेच पॅराथायरॉइड ग्रंथीचा आजार असेल, तर मनगटाच्या वरच्या हाडाची मोजणी करतात, ती सहसा कमी वापराच्या हाताची.

केंद्र निवडताना यंत्र नवे की जुने यापेक्षा मी दोन गोष्टी पाहीन. एक, अणुऊर्जा नियामक मंडळाची नोंदणी. क्ष-किरणांच्या सर्व यंत्रांना ती लागते आणि विचारल्यास दाखवायला हरकत नसावी. दुसरी, ते रोज सकाळी ‘फँटम’ मोजतात का. फँटम म्हणजे ठाऊक घनतेचा कृत्रिम मणका. तो रोज टेबलावर ठेवून यंत्र कालच्याइतकेच उत्तर देते की नाही हे पाहायचे असते. एका केंद्राच्या जुन्या नोंदी मी एकदा मागितल्या, तेव्हा तो ठोकळा कपाटावर धूळ खात पडलेला निघाला. त्या यंत्रावर झालेल्या तुलना मी त्यानंतर विचारात घेतल्या नाहीत.

आता अहवाल. वरच्या बाजूला चित्रे असतात, ती आधी पाहा, आकडे नंतर. कण्याचे चित्र सरळ आणि मधोमध असावे, कमरेच्या दोन्ही हाडांच्या कडा खाली थोड्या दिसाव्यात. खुब्याच्या चित्रात मांडीच्या हाडाच्या आतल्या अंगाला एक लहान उंचवटा असतो. तो फार ठळक बाहेर आलेला दिसला तर पाऊल पुरेसे वळवले गेले नव्हते असे समजावे.

आकड्यांमध्ये टी-स्कोअर म्हणजे निरोगी तरुण स्त्रियांच्या सरासरीपासून तुमची घनता किती पायऱ्या खाली किंवा वर आहे ते. उणे १ पर्यंत सामान्य, उणे १ आणि उणे २.५ च्या दरम्यान घनता कमी, म्हणजे ऑस्टिओपेनिया, आणि उणे २.५ वा त्याखाली ऑस्टिओपोरोसिस. एकेक पायरी खाली गेले की हाड मोडण्याचा धोका ढोबळमानाने दीड ते दोन पट होतो. झेड-स्कोअर तुमची तुलना तुमच्याच वयाच्या स्त्रियांशी करतो. तो उणे २ किंवा त्याखाली असेल तर वय सोडून दुसरे काही कारण हाडे खात आहे का, याचा शोध घ्यायचा.

एवढे सर्वांना ठाऊक असते. पुढचे ठाऊक नसते आणि घबराट तिथूनच होते. खुब्याच्या तक्त्यात ‘वॉर्ड’ नावाच्या त्रिकोणाची एक ओळ असते आणि तिथला आकडा बहुधा सर्वांत वाईट असतो. तो छोटासा भाग निदानासाठी धरायचा नसतो. तसाच एखाद्या सुट्या मणक्याचा सर्वांत खालचा आकडाही धरायचा नसतो. मणक्यांचा एकत्रित आकडा, मांडीच्या हाडाच्या मानेचा आकडा आणि संपूर्ण खुब्याचा आकडा, या तिन्हींत जो सर्वांत कमी, त्यावर निदान. ‘माझा उणे ३.६ आला’ असे सांगत रडवेल्या झालेल्या बाईंचा तो आकडा वॉर्डच्या ओळीतला निघावा आणि खरा आकडा उणे २.१ असावा, असे माझ्यासमोर अनेकदा झाले आहे.

उलट फसवणूकही होते, आणि ती अधिक धोक्याची. साठीनंतर मणक्यांना झीज होऊन कडेने हाडाचे काटे वाढतात, पोटातल्या महाधमनीच्या भिंतीत चुना साठतो, एखादा मणका दबून बसतो. या सर्वांमुळे चित्रात खनिज जास्त दिसते आणि कण्याचा आकडा खोटाच चांगला येतो. तुमच्या गुडघ्याची झीज पाहता कण्यातही ती असण्याचा संभव आहे. एखादा मणका शेजारच्यापेक्षा एका पायरीहून अधिक वेगळा निघाला, तर तो वगळून उरलेल्यांवर हिशेब करतात, पण किमान दोन मणके शिल्लक राहायला हवेत. कण्याचा आकडा उणे ०.७ आणि खुब्याचा उणे २.६ आला, तर कण्याकडे पाहून खूश होऊ नका, ऑस्टिओपोरोसिस आहे.

सपाट चित्राची गोष्ट इथे कामाला येते. लहान चणीच्या बाईचे मणके जाडीलाही कमी असतात, पण यंत्राला जाडी दिसत नाही. त्यामुळे हाडाची प्रत तीच असली तरी तिचा आकडा कमी येतो. त्यात तुलना कोणाशी होते हाही प्रश्न आहे. बहुतेक यंत्रांत अमेरिकी गोऱ्या स्त्रियांचे संदर्भ असतात. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने भारतीयांचे स्वतंत्र संदर्भ २०१० मध्ये प्रसिद्ध केले आणि ते वापरले तर टी-स्कोअर साधारणपणे कमी वाईट दिसतो. दोन केंद्रांचे अहवाल जुळत नसतील तर भांडण्याआधी खाली बारीक अक्षरांत कोणता संदर्भ छापला आहे ते पाहा.

घनता हे सगळे चित्र नव्हे, आणि तुमच्या मधुमेहामुळे तर नाहीच. टाइप-२ मधुमेहात घनता पुष्कळदा चांगली दिसते, पण हाडाची अंतर्गत प्रत घसरलेली असते आणि आकड्याच्या मानाने हाडे लवकर मोडतात. म्हणून आकड्याबरोबर ‘फ्रॅक्स’ हे गणित करतात. इंग्लंडमधल्या शेफिल्ड विद्यापीठात तयार झालेले हे गणित २००८ पासून वापरात आहे. वय, उंची, वजन, पूर्वीचा अस्थिभंग, आईवडिलांचा मोडलेला खुबा, धूम्रपान, स्टिरॉइड, ऱ्हुमॅटॉइड संधिवात, मद्य अशा प्रश्नांवरून येत्या १० वर्षांत हाड मोडण्याची शक्यता ते टक्क्यांत सांगते, आणि त्यात भारतासाठी वेगळी निवड आहे. त्यात टाइप-२ मधुमेहाचा मात्र थेट विचार होत नाही, म्हणून तुमच्यासारख्यांचा धोका ते कमी दाखवते. हे तुमच्या डॉक्टरांना माहीत असेलच, तरी आठवण करून द्यायला हरकत नाही. आणखी एक: उभे असताना साधे पडून खुबा किंवा मणका मोडलेला असेल, तर टी-स्कोअर उणे १.८ असला तरी उपचारासाठी तो ऑस्टिओपोरोसिसच मानतात.

आकडा कमी आला तर लगेच औषध सुरू करण्याआधी रक्ताच्या तपासण्या हव्यात, आणि इथे मी आग्रही आहे. आपल्याकडे ड जीवनसत्त्वाची कमतरता घरोघरी आहे. तीव्र कमतरतेत हाडात खनिज नीट भरले जात नाही आणि हाड मऊ पडते. त्याला ऑस्टिओमलेशिया म्हणतात. डेक्साला तो आणि ऑस्टिओपोरोसिस यांतला फरक कळत नाही, दोन्हींत घनता कमीच दिसते. उपचार मात्र वेगळे आहेत. कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज, ड जीवनसत्त्व, पॅराथायरॉइड संप्रेरक, क्रिएटिनिन, हिमोग्लोबिन एवढे तरी पाहावे. तुमची थायरॉइडची पातळीही पाहावी, कारण त्या गोळीचा डोस गरजेपेक्षा जास्त असेल तर तीच हाडे झिजवते. मी आकडा सांगू शकते. औषध कोणते आणि किती वर्षे, हे हे सगळे कागद एकत्र ठेवून तुमचे डॉक्टर ठरवतील.

पुन्हा तपासणी किती दिवसांनी? साधारण एक ते दोन वर्षांनी; दीर्घकाळ स्टिरॉइड घेणाऱ्यांना त्याआधी. दर सहा महिन्यांनी करून काही हाती लागत नाही, कारण हाड सावकाश बदलते आणि मोजणीत स्वतःचीच थोडी चूक असते. समजा, कण्याची घनता ०.८५० होती आणि दोन वर्षांनी ०.८३० आली. घट सव्वादोन टक्क्यांच्या आसपास आहे, आणि कण्याच्या बाबतीत साधारण ३ ते ५ टक्क्यांहून अधिक फरक असल्याखेरीज तो खरा मानत नाहीत. औषध निकामी ठरले, असा निष्कर्ष त्यावरून काढू नये. तुलना टी-स्कोअरची न करता घनतेच्या आकड्याची करायची, आणि त्याच यंत्रावर. वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकाच हाडाला वेगळे आकडे देतात. मधल्या काळात सवलत पाहून केंद्र बदलले, तर पहिल्या तपासणीचे पैसे जवळजवळ वाया गेले असे समजा. अहवालाचा मूळ, चित्रांसहित कागद प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवा. नुसता निष्कर्षाचा उतारा तुलनेला उपयोगी पडत नाही.

राहिला सुनेचा प्रश्न. तिची तपासणी करू नका. पाळी चालू असलेल्या तरुण स्त्रीत स्टिरॉइड, पाळी दीर्घकाळ बंद असणे, आतड्याचा आजार किंवा क्षुल्लक कारणाने मोडलेले हाड असे काही असल्याशिवाय डेक्सा करत नाहीत, आणि केली तरी टी-स्कोअर न पाहता झेड-स्कोअर पाहतात. शिवाय ती बाळाला अंगावर पाजत असेल, तर दुधासाठी लागणाऱ्या कॅल्शियमचा काही भाग तिच्या हाडांतून येतो आणि या काळात कण्याची घनता ३ ते ५ टक्क्यांनी उतरते. दूध तोडल्यावर पुढच्या काही महिन्यांत ती बहुतेक सगळी आपोआप भरून निघते. आज मोजले तर कागदावर उणे आकडा येईल, तुम्ही दोघी घाबराल, कोणीतरी औषध लिहून देईल, आणि ते औषध पुढच्या बाळंतपणाच्या वेळी अडचणीचे ठरू शकेल. सवलतीचे पैसे तिच्या दूध-नाचणीवर खर्च करा.